होय, डॉक्टर!

निमूट ऐकणाऱ्या मुलाला गुणी म्हणण्याची शाळेत रीत आहे. हेच मूल पुढे परिचारिका होऊन रात्रपाळीला एकटे उभे राहते, तेव्हा त्या गुणाचे काय होते?

१९६६ साली अमेरिकेतल्या हॉफलिंग या मनोविकारतज्ज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णालयातल्या परिचारिकेला दूरध्वनी येई. अनोळखी आवाज आपण डॉक्टर असल्याचे सांगून एका रुग्णाला अमुक औषधाचे २० मिलिग्रॅम देण्यास फर्मावी. बाटलीवर तर छापलेले, की दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. असे हुकूम दूरध्वनीवरून घ्यायचे नाहीत, असा नियमही होता. तरी २२ पैकी २१ जणी औषध घेऊन निघाल्या. (औषध निरुपद्रवी होते आणि त्यांना वेळीच थांबविण्यात आले, हे सांगितले पाहिजे.)

याहून मला अस्वस्थ करते ती दुसरीच नोंद. हाच प्रसंग दुसऱ्या १२ परिचारिकांना नुसता सांगून विचारले, तेव्हा १० जणी म्हणाल्या, आम्ही औषध देणार नाही! त्या खोटे बोलत होत्या असे मला वाटत नाही. कादंबरी लिहिताना मीही पात्राच्या तोंडी बाणेदार उत्तर सहज घालतो. त्या पात्राची नोकरी थोडीच जायची असते!

मग त्या २१ जणींना भित्र्या म्हणावे काय? छे! कर्तव्यबुद्धी त्यांच्यापाशी होतीच. पण कर्तव्य आवाजाशी की खाटेवरच्या माणसाशी, हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, असे त्यांना कोणी सांगितले होते? ‘डॉक्टर, मात्रा दुप्पट होते आहे’ एवढे पाच शब्द. ते उच्चारले की नम्रता संपते, अशी आपली समजूत.

१९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. औषध ओळखीचे होते आणि सहकारिणीला विचारण्याची मोकळीक होती. १८ पैकी दोघीच हुकूम पाळायला निघाल्या. मधल्या काळात जग बदलले होते हे खरे. पण शेजारी ‘अगं, हे बरोबर आहे का?’ असे विचारायला कोणी असणे, हे मला अधिक मोलाचे वाटते. स्वतःच्या मनावर राज्य करायलाही सोबत लागते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ साली मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली. डॉक्टरने एखादी गाळली, तर परिचारिकेने त्याला थांबवावे. आणि तसे केल्यास व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे राहील, हेही आधीच स्पष्ट करून ठेवले होते.