एका टाक्याचे मोल

फाटलेले कातडे घरी शिवावे की नाही, हा प्रश्न कोणी तत्त्वज्ञानाचा मानणार नाही. आम्हीही मानला नव्हता. परंतु तापीच्या मुखाशी, हजीऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत, खाऱ्या व दमट हवेने आमच्या घरातील जुन्या कातडी पिशवीचा बंद मुळापासून सुटला. जवळपास चांभार न आढळल्यामुळे आरी आमच्याच हाती आली, आणि त्या लहानशा कामातून जो विचार निघाला तो सहजासहजी मिटेना.

कापड शिवताना सुई धागे बाजूस सारून वाट काढते, आणि ती निघून गेली की धागे पुन्हा जवळ येतात. कातड्याचे तसे नाही. आरीने पाडलेले भोक कायमचे राहते. जिवंत कातडी आपली जखम आपण भरून काढते. कमावलेल्या कातड्याची ती शक्ती जनावराबरोबरच गेलेली असते. म्हणून टाके फार जवळजवळ घातले, तर शिवण बळकट होण्याऐवजी टपाल तिकिटांच्या कडेसारखी छिद्रांची रेघ तयार होते आणि कातडे नेमके तेथेच फाटते. जाणता कारागीर आतून ठिगळ लावतो, त्याचे कोपरे गोल कापतो, कडा रापीने तासून पातळ करतो, मेण चोळलेला दोरा दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून ओढतो आणि शक्य तेथे जुन्याच भोकांचा उपयोग करतो. आम्ही हे शिकलो ते चुकून. पहिल्या दिवशी घाईने घातलेले टाके दुसऱ्या दिवशी कातड्यासह निघून आले. येथे प्रत्येक दुरुस्ती ही एक नवी जखम असते. म्हणून ती मोजून करावी लागते.

पिशवी अखेरीस शिवली गेली आणि स्वावलंबनाचे समाधान वाटले. गांधीजींचे स्मरण झाले. १९१० साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. तेथील सहकारी कॅलनबाख हे ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात चपला करण्यास शिकून आले होते. त्यांच्यापासून गांधीजी शिकले आणि त्यांनी इतरांना शिकविले. पुढे त्यांनी स्वतःच्या हातचा एक जोड जनरल स्मट्स यांना दिला. आमच्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी तर याहून कठीण वाट धरली. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या पुरुषाने मेलेल्या जनावरांचे कातडे सोलण्याचे काम स्वतः केले आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्याला मानाचे स्थान दिले.

परंतु समाधान येथेच थांबू देत नाही. आमच्या हातातील आरी आणि चांभाराच्या हातातील आरी एकच आहे काय? आम्ही काम संपवून हात धुतले आणि पाटावर येऊन बसलो. आम्हांला कोणी दूर बसावयास सांगितले नाही. तीच आरी ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्याचे हात मात्र कितीही धुतले तरी समाजाच्या लेखी स्वच्छ झाले नाहीत. आमच्यासाठी जो छंद, तो त्याच्यासाठी शिक्का होता. डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्यास सांगितले, ते श्रमाचा तिटकारा होता म्हणून नव्हे. जे काम नाकारता येत नाही, त्याचा गौरव हा गुलामीचाच गौरव होय, हे त्यांनी ओळखले होते.

वरवर पाहता ही दोन मते परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः एकाने उपदेश केला तो नाक मुरडणाऱ्यांना, दुसऱ्याने केला तो ज्यांच्यावर काम लादले गेले त्यांना. दोघांचे श्रोते वेगळे आहेत, एवढाच भेद. आम्ही पहिल्यांतले, दुसऱ्यांस उद्देशून श्रमप्रतिष्ठेचे प्रवचन करण्याचा आम्हांस अधिकार नाही. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट ठरविली. तरीही २०१६ साली याच गुजरातेत ऊना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर अनेकांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले. शतकानुशतके जे काम त्यांच्यावर लादले गेले, तेच करताना त्यांना मार खावा लागला, आणि नकार दिल्यावर त्या कामाची किंमत इतरांस कळली.

मग घरी शिवूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. शिवावे, परंतु चांभाराचे चार पैसे वाचविण्यासाठी नव्हे, त्याच्या चार पैशांत काय काय भरलेले असते ते कळावे म्हणून शिवावे. एका टाक्याला किती दृष्टी, किती बळ आणि किती संयम लागतो, हे ज्याच्या बोटांना आरीने टोचून सांगितले, तो पुढे घासाघीस करताना अडखळेल.

पुढे सुरतेस गेलो असता ती पिशवी एका चांभाराकडे नेली. पूर्वी आम्हीही फाटका जोडा त्याच्यापुढे जमिनीवर टाकीत असू. या वेळी पिशवी त्याच्या हातात दिली. त्याने आमचे टाके निरखून पाहिले, दोन उसवले, बाकीचे तसेच राहू दिले आणि आपले चार टाके घातले. त्याने सांगितलेले दाम आम्ही मुकाट्याने दिले. त्याच्या पिढ्यांचे देणे त्यातून फिटले, असा भ्रम आम्हांस नाही. जुनी भोके राहणारच. नवी पाडताना मात्र हात सावध असावा, एवढे त्या कातड्याने आम्हांला शिकविले.