कंपायलरला न सांगितलेला क्रम

लॉक न घेता सामायिक माहिती वाचायची, हे ऐकायला बेजबाबदारपणाचे वाटते; पण लिनक्सचे कर्नल हेच रात्रंदिवस करते. राउटिंगच्या तक्त्यासारख्या ठिकाणी वाचणारे असंख्य आणि बदलणारा एखादाच असतो. प्रत्येक वाचकाने लॉक मागितले, तर प्रोसेसरांचा वेळ एकमेकांची वाट पाहण्यातच जाईल. म्हणून २००२ पासून तिथे आरसीयू ही पद्धत आहे. पॉल मॅककेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी ती नव्वदच्या दशकात सिक्वेंट कंपनीत घडवली होती. बदल करणारा जुन्या नोंदीला हात लावत नाही. तो नवी नोंद बाजूला तयार करतो, तिची सगळी घरे भरतो आणि मगच पत्ता सांगणारा पॉइंटर तिच्याकडे वळवतो. वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी नोंद दिसते, नाही तर पूर्ण नवी.

यासाठी क्रम दोन्ही बाजूंनी पाळला जावा लागतो. लिहिणाऱ्याच्या बाजूला स्पष्ट हुकूम असतो: नोंदीतला मजकूर पोचल्याखेरीज पॉइंटर पुढे जाता कामा नये. वाचणाऱ्याच्या बाजूला मात्र हुकमाची गरजच पडत नाही. पत्ता हाती आल्याशिवाय घर सापडणार कसे? एआरएम किंवा पॉवरचे प्रोसेसर एरवी स्वतंत्र वाचने खुशाल पुढेमागे करतात, पण एका वाचनाचा पत्ता दुसऱ्यातून येत असेल तर तेवढे अवलंबित्व पाळतात. निव्वळ कार्यकारणातून फुकट मिळणारा हा क्रम मला या साऱ्या विद्येतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरने तोही मोडला. त्याच्या काही यंत्रांत कॅशेचे दोन भाग स्वतंत्रपणे चालत. पॉइंटर असलेल्या भागाला बदलाची वार्ता पोचलेली, नोंद असलेला भाग मागे पडलेला. म्हणजे पत्ता नवा आणि तिथली माहिती शिळी. या एका प्रोसेसरसाठी कर्नलमध्ये ठिकठिकाणी वाचणाऱ्याच्या बाजूलाही क्रम पाळायला लावणारा वेगळा हुकूम, म्हणजे बॅरियर, होता. २०२० च्या ५.९ आवृत्तीत तो सामाईक कोडमधून गेला आणि अल्फाच्या स्वतःच्या फायलींपुरता उरला.

कंपायलरचा धोका असा हद्दपार करता येत नाही. समजा, वाचलेला पॉइंटर आपण एका ठरावीक, कायमच्या नोंदीच्या पत्त्याशी ताडून पाहिला आणि जुळल्यावर त्यातून एक आकडा वाचला. कंपायलरच्या दृष्टीने जुळले म्हणजे पत्ता ठाऊकच झाला. तो पॉइंटर बाजूला ठेवून थेट त्या नोंदीतून वाचणारा कोड काढतो. सी भाषेच्या नियमांनुसार यात काडीची चूक नाही, कारण दोन्ही पत्ते एकच. पण पहिल्या वाचनाशी असलेले नाते तुटले. उरली फक्त ‘जुळले तर’ ही अट, आणि अटीचा निकाल लागण्याआधीच प्रोसेसर अंदाजाने पुढचे वाचून ठेवतो.

इथे कंपायलरला दोष देणे मला पटत नाही. सी भाषेत किंमत लिहिता येते, ती कुठून आली हे जपायला सांगता येत नाही. २०११ च्या मानकांत त्यासाठी ‘कन्झ्यूम’ नावाचे वाचन आणले गेले. परंतु कोड सुधारण्याच्या प्रत्येक टप्प्यातून ते अवलंबित्व शाबूत नेणे कंपायलर लिहिणाऱ्यांना झेपले नाही. जीसीसी आणि क्लँग त्याला सरळ अधिक कडक, म्हणजे नंतरचे काहीही आधी होऊ न देणारे, ‘अक्वायर’ वाचन मानतात.

मग उरते माणसांची शिस्त. असा पॉइंटर नल आहे का ते खुशाल तपासा, पण ज्यातून पुढे वाचायचे आहे तो दुसऱ्या पत्त्याशी ताडू नका, असे कर्नलचे दस्तऐवज बजावतात. पण लिंक करताना अख्खा प्रोग्रॅम एकदम पाहणाऱ्या कंपायलरला अशी जुळणी स्वतःहूनही सापडू शकते. म्हणून ६४-बिट एआरएमवर अख्खा प्रोग्रॅम असा एकदम पाहण्याची सोय चालू असेल, तर कर्नल आपले मूलभूत वाचन ‘अक्वायर’ करते. त्यात थोडा वेग जातो. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो: महिनोन्‌महिने न दिसणारी आणि दिसली तरी पुन्हा घडवून दाखवता न येणारी चूक शोधण्यापेक्षा ही किंमत पुष्कळ स्वस्त आहे.