तो आमच्यात येत नाही



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आष्टीला एका ओळखीच्या घरी बसलो होतो. त्या घरचा मुलगा नागपूरकडच्या एका कारखान्यात कायम कामगार आहे. कंपनी आणि युनियन यांच्यात नुकताच करार होऊन पगार वाढला होता, म्हणून तो पेढे घेऊन सुटीवर आला होता. शेजारी पेढे गेले. थोड्या वेळाने शेजारच्या मावशी स्वतःच दारात आल्या. त्यांचा मुलगाही त्याच कारखान्यात, त्याच शेडमध्ये, त्याच पाळीत काम करतो. त्यांनी मोठ्या आशेने विचारले, "काय रे बापू, माह्या पोराचंबी वाढलं का?"

मुलगा क्षणभर गप्प झाला. मग खाली मान घालून म्हणाला, "नाही मावशी. तो ठेकेदाराचा आहे. तो आमच्यात येत नाही."

मावशी काही बोलल्या नाहीत. पेढा त्यांच्या हातातच राहिला. मुलगा वाईट नव्हता. तो खरे तेच बोलला होता. पण ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. 'आमच्यात' कोण येतो, हे नेमके कोण ठरवते? आणि ते कशावरून ठरवायला हवे?

हा प्रश्न वकिलांचा आहे, आपला नाही, असे कोणी म्हणेल. परंतु युनियन जेव्हा मालकाशी बोलणी करायला बसते, तेव्हा सर्वांत आधी ठरवावे लागते की ही बोलणी कोणासाठी आहेत. पगारवाढ, रजा, बोनस, कॅन्टीन, बूट-गणवेश हे सारे त्यावर अवलंबून असते. रेषेच्या आत जो आहे त्याला करार लागू होतो. रेषेच्या बाहेर जो आहे तो दुसऱ्याचे पेढे खातो. म्हणून ही रेषा कोठे ओढायची हा जितका कायद्याचा, तितकाच विवेकबुद्धीचा प्रश्न आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही रेषा वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या ठिकाणी ओढली गेली. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा मुख्यतः कापड गिरण्यांसाठी ओळखला जातो. त्या कायद्याने एका भागातील त्या धंद्याचे सगळे कामगार एकत्र मोजले आणि त्यांपैकी २५ टक्के सभासद असलेल्या संघटनेला प्रातिनिधिक संघटना होण्याचा मार्ग दिला. त्यातील एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. जे काम एरवी गिरणीचेच आहे, ते गिरणीमालकाने ठेकेदाराकडून करून घेतले, तरी ते करणारा माणूस गिरणीचाच कामगार आणि गिरणीमालकच त्याचा मालक, असे त्या कायद्याने म्हटले होते. म्हणजे मधला माणूस आला म्हणून नाते तुटत नाही.

पुढे १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देण्यासाठी राज्याने दुसरा कायदा केला. तो पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होता. मान्यता हवी असेल, तर मागचे सलग सहा महिने एकूण कामगारांपैकी किमान ३० टक्के सभासद असले पाहिजेत, अशी अट होती. अट सरळ दिसते. पण 'एकूण कामगार' म्हणजे कोण? मस्टरवर नाव असलेले, की गेटातून आत जाणारे? आपल्याकडच्या जिनिंगचेच पाहा. हंगामात कापसाच्या गाड्या लागतात, तेव्हा कामावर किती माणसे असतात, आणि हंगाम संपल्यावर किती उरतात? कोणत्या महिन्यात डोकी मोजली यावर संघटनेचे भवितव्य ठरू शकते.

ठेकेदाराच्या कामगारांपुढे तर याहून कठीण पेच आला. मुंबईत सिप्ला कंपनीच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत साफसफाईचे काम करणाऱ्यांच्या वतीने महाराष्ट्र जनरल कामगार युनियनने १९७१ च्या कायद्याखाली तक्रार केली. हे कामगार खरे तर कंपनीचेच आहेत, असे युनियनचे म्हणणे होते. कंपनीला ते मान्य नव्हते. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मालक-कामगार हे नातेच वादात असेल, तर या कायद्याखालील न्यायालय तो वाद सोडवू शकत नाही. ते नाते आधी दुसरीकडे सिद्ध करून यावे लागेल. न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावला. पण झाडू मारणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करा. आत येण्यासाठी जी किल्ली लागते, ती घराच्या आतच ठेवलेली आहे.

दुसरीकडे सिद्ध करायला किती काळ लागतो, याचेही उदाहरण आपल्यापुढे आहे. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या ठेकेदारी कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत दीर्घ लढा दिला. हे आमचे कामगार नव्हेत, असे महापालिकेचे म्हणणे होते. शेवटी २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल कायम केला आणि त्यांचा कायम होण्याचा मार्ग मोकळा झाला. शहर रोज त्यांच्या हातांनी स्वच्छ होत होते. ते हात कोणाचे, एवढे ठरायलाच वर्षानुवर्षे गेली.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. एकाहून अधिक संघटना असतील, तर मस्टरवरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीसाठी एकमेव मानली जाईल, असे ती सांगते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर २० टक्के किंवा अधिक पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून परिषद बनते. आकडे बदलले. प्रश्न मात्र तोच राहिला, कारण सगळे काही पुन्हा 'मस्टरवर' या एका शब्दापाशी येऊन थांबते.

मग काय, गेटातून आत येणाऱ्या प्रत्येकाला युनियनच्या रेषेत घ्यावे? तसेही नाही. रेषेलाही कारण असते आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जो अधिकारी कामगारांना चार्जशीट देतो, कोणाला काढायचे ते ठरवतो, तो कामगारांच्या बाजूने टेबलावर कसा बसेल? कोणी दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही, हे आपण शुभवर्तमानातून जाणतो. म्हणून कायद्याने व्यवस्थापनातील माणसांना कामगार मानले नाही. देखरेख करणाऱ्यांसाठी पगाराची मर्यादा ठेवली. ती २०१० मध्ये दहा हजार रुपये झाली आणि नव्या संहितेत अठरा हजार आहे. मात्र नुसते नाव पाहून निर्णय होत नाही. न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे की, हुद्दा काय लिहिला आहे ते पाहू नका, माणूस मुख्यतः काय काम करतो ते पाहा. दिवसभर स्वतः मशीन चालवणाऱ्याला 'सुपरवायझर' म्हटल्याने तो साहेब होत नाही.

कायम कामगारांचे दुसरेही एक म्हणणे असते. "आम्ही वर्गणी भरली, संपात पगार गमावला, साहेबांचा राग ओढवून घेतला. आता फळ सर्वांना का वाटायचे? आणि सर्वांना वाटले, तर आमच्या वाट्याला काय राहील?" हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. घर चालवणाऱ्या माणसाची ती खरी भीती आहे. पण त्यालाच एक गोष्ट विचारावीशी वाटते. ठेकेदाराचा मुलगा वर्गणी भरायला तयार नव्हता, की त्याची वर्गणी घ्यायलाच कोणी तयार नव्हते? ज्याला दार उघडलेच नाही, त्याला 'तू आला नाहीस' असा दोष देता येत नाही. शिवाय शेजारी निम्म्या पगारात तेच काम करणारा माणूस उभा असेल, तर कायम माणसाची नोकरी तरी किती दिवस कायम राहील? रेषेबाहेरची स्वस्त मजुरी एक दिवस रेषेच्या आतल्यांनाच ढकलते.

मला वाटते, रेषा ओढताना तीन साधे प्रश्न विचारावेत. हा माणूस कोणाच्या हुकुमाने कामाला लागतो आणि कोणाच्या भोंग्याने थांबतो? कराराचा बरा-वाईट परिणाम त्याच्या ताटापर्यंत पोहोचतो का? आणि तो इतरांना शिक्षा करण्याच्या जागी आहे का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'आमच्यासारखेच' आणि तिसऱ्याचे 'नाही' असे आले, तर तो आमच्यातला आहे. मग मस्टर कोणाच्याही कपाटात असो.

हे स्वप्नरंजन नाही. याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमाल, माथाडी दिवसात चार मालकांचा माल वाहतो. त्याचे नाव कोणाच्याच मस्टरवर नसते. मस्टर पाहिले असते, तर तो कधीच कोणाचा कामगार ठरला नसता. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी त्यांना संघटित केले आणि कायद्याने मालकाऐवजी कामाला धरून रेषा ओढली. मालकांची नोंद, कामगारांची नोंद आणि मजुरी मंडळामार्फत. पाठीवरचे ओझे हीच ओळख मानली गेली.

ख्रिस्तसभेनेही या विषयावर मौन पाळलेले नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात कामगारांचा संघटना करण्याचा हक्क मान्य केला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये आणखी पुढे जाऊन 'अप्रत्यक्ष मालक' ही कल्पना मांडली. पगार हातात देणारा तेवढाच मालक नव्हे, तर ज्यांच्या निर्णयांमुळे कामाच्या अटी ठरतात त्या सर्वांवर जबाबदारी येते, असा त्याचा आशय आहे. ठेकेदाराकडे बोट दाखवून कंपनी मोकळी होत नाही. आणि थोडे अंतर्मुख होऊन पाहिले, तर 'तो आमच्यात येत नाही' असे ठरवून करारावर सही करणारी युनियनही मोकळी होत नाही. संघटनेने आपल्याच गटाच्या स्वार्थात अडकू नये, असा इशाराही त्याच परिपत्रकात आहे.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. पहाटेपासून राबलेल्यांनी कुरकुर केली. ती आपल्याला कमी मिळाले म्हणून नव्हती. उशिरा आलेल्यांनाही तेवढेच मिळाले म्हणून होती. आपल्या मावशींचा मुलगा तर उशिरा आलेलाही नाही. तो पहिल्या पाळीपासूनच मळ्यात उभा आहे.

म्हणून कारखान्यात कायम असलेल्या माझ्या बंधू-भगिनींना एक विनंती. पुढच्या वेळी मागणीपत्र तयार होईल, तेव्हा सभेत उठून एक वाक्य बोला, "ठेकेदाराच्या माणसांसाठी यात काय आहे?" सगळे एकदम मिळणार नाही. पण निदान हातमोजे, कॅन्टीन, अपघातात उपचार आणि त्याच कामाला तोच दर, यांपैकी एखादे कलम त्यांच्यासाठी लिहून घ्या. तुम्ही स्वतः ठेकेदाराकडे असाल, तर हजेरीचा कागद, पगाराची पावती, गेटपास जपून ठेवा. नाते सिद्ध करायची वेळ आली, तर तेच बोलतील.

आणि ज्यांच्या घरी पेढे येतील त्यांनी ते जरूर वाटावेत. फक्त शेजारच्या मावशी दारात येऊन विचारतील, तेव्हा आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही, एवढे आधी पाहावे.