नकोशांची यादी

आमचा भाचा नांदेडला स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होता. 1 एप्रिल 2017 ला ती बँक स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, तेव्हा त्याचा फोन आला. "मामा, आता दोन्हीकडची माणसं एकत्र बसणार. लातूरला तुम्ही टीम कशी उभी केली होती हो?"

मराठवाड्यातल्या माणसानं विलीनीकरणाला बिचकावं, हे नवलच. 1948 ला आम्ही भारतात आलो, 1956 ला मुंबई राज्यात आणि 1960 ला बसल्या जागी महाराष्ट्रात. आमच्या वडिलांनी तीन राज्यं पाहिली, ती एकाच ओसरीवरून. पण भाच्याला खरं सांगायची सोय नव्हती. लातूरची टीम मी उभी केलीच नव्हती. मी ती हाकलून दिली होती.

16 ऑगस्ट 1982 ला उस्मानाबादमधून (आताचं धाराशिव) लातूर जिल्हा वेगळा निघाला. भावाभावांत व्हाव्यात तशा कचेऱ्यांच्या वाटण्या झाल्या. आमची कचेरी कुठली, ते विचारू नका. तीन पायांची प्रत्येक खुर्ची लातूरच्या वाट्याला गेली. खुर्चीला मन नसतं, म्हणून ते खपलं. मग माणसांची पाळी आली. साहेब म्हणाले, "ज्यांच्यावाचून इथं अडणार नाही, अशांची कच्ची यादी करा."

ती मी किती चवीनं केली म्हणून सांगू! म्हशीची धार काढून अकराला उगवणारा कारकून. सोयीप्रमाणे बहिरा होणारा रेकॉर्डकीपर. साहेबांच्या मसुद्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणाऱ्या टायपिस्ट बाई. उलट बोलणारा शिपाई. चार नावं. आदेश निघाला तेव्हा पाच होती. पाचवं माझं.

लातूरला गंजगोलाईजवळ भाड्याच्या दोन खोल्या, गळके पत्रे, जमिनीवर फायलींचे गठ्ठे. किल्ल्या म्हशीवाल्याकडं आल्या आणि गडी पावणेदहाला हजर! उस्मानाबादला तो आला काय, न आला काय, कुणाचं कुलूप अडत नव्हतं. कुठल्या गावाचा कागद कुठल्या गठ्ठ्यात, हे बहिरेबुवा अंधारात सांगायचे. तिकडं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं, नुसतं ओरडलं होतं. शिपायानं तर घरमालकाशी भांडून दोन दिवसांत पत्रे बदलून घेतले. तोंड तेच, फक्त समोरचा बदलला.

मग ही माणसं कामचुकार होती, की ती कचेरी? माझा निवाडा साफ खोटा होता, की तिथल्यापुरता खरा? मला अजून नीट सांगता येत नाही. दुसरी अडचण याहून नाजूक. दुपारी त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाताना वाटायचं, यादीचं सांगून टाकावं. पण मोट सुटेल, ही भीती. भीती मोटेची की स्वतःच्या अब्रूची, हे काही चटणी संपेपर्यंत ठरायचं नाही. मी आपला खास निवडून पाठवलेल्या माणसाच्या थाटात वावरत राहिलो.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर राहवेना. टायपिस्ट बाईंना म्हटलं, "एक सांगायचंय. ती बदलीची यादी..."

"तुमच्या अक्षरात होती. पाचवं नाव तेवढं साहेबांच्या," बाई म्हणाल्या. "आदेश मीच टाईप केला होता ना!"

"आणि बाकीच्यांना?"

"येताना एसटीतच सांगितलं. तुम्ही पुढं खिडकीशी झोपला होता."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

"काय बोलायचं?" त्या म्हणाल्या. "माझ्या आडनावाची वेलांटी तुम्ही चुकवली होती. तेवढी मी तिथंच दुरुस्त केली."