मागचे दोन मडफ्लॅप

नवी गाडी घेताना सनरूफवर अर्धा तास खल होतो. मडफ्लॅपचा विषय निघतो तो अगदी शेवटी, अ‍ॅक्सेसरीच्या यादीत, सीट कव्हर आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या जोडीला. तिथेही बऱ्याचदा त्यांच्यावर काट बसते. रबराच्या त्या तुकड्यांनी गाडीची शोभा जाते, असं अनेकांचं मत असतं.

शोभा कशाने जाते, ते पावसाळा सरल्यावर पुढच्या चाकामागे वाकून पाहावं. दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या फेंडरच्या सुरुवातीला रंगाचे टवके उडालेले असतात. मोहरीएवढे. मध्ये उघडा पत्रा, आणि पुढे कधीतरी त्याच्याभोवती तांबूस कडा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ती कडा लवकर धरते. पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात खरे, पण सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-सातवा हिस्सा. खडीचा धारदार तुकडा तेवढं सहज भेदतो.

आणि हा दगड मारतो कोण? आपलंच चाक. टायरच्या खाचेत अडकलेला खडा चाकाबरोबर वर येतो आणि निसटतो, तेव्हा गाडीच्या हिशेबाने त्याचा वेग गाडीच्या वेगाइतकाच असतो. ताशी 80 ने जाणारी गाडी स्वतःच्याच फेंडरवर ताशी 80 च्या वेगाने खडी झाडत असते. हौसेने रुंद टायर बसवून चाकं फेंडरच्या बाहेर काढणाऱ्यांनी तर खडीला मोकळी वाटच करून दिलेली असते. वर पुन्हा डेंटिंग-पेंटिंगवाल्याशी बिलावरून हुज्जत!

उपाय पैशांप्रमाणे आहेत. हौस आणि ऐपत असेल, तर फेंडरवर पारदर्शक फिल्म बसवून घेता येते. अशी फिल्म मुळात लष्करी हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून वापरात आली. नाहीतर मडफ्लॅप आहेतच. ते बसवताना एवढंच पाहायचं, की मेकॅनिक पत्र्याला नवं भोक पाडत नाही ना. उघड्या भोकातून गंज शिरतो, आणि ज्यासाठी खटाटोप केला तेच पदरात पडतं. आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला कंपनीचीच भोकं असतात, ती वापरायला सांगावं. गाडी धुताना फ्लॅपच्या आतल्या बाजूनेही पाणी मारावं. तिथे साचलेला ओला चिखल पत्रा खातो.

पुढच्या चाकांमागचे फ्लॅप आपली दारं वाचवतात. मागच्या चाकांमागचे मात्र आपल्या फारसे उपयोगाचे नाहीत, ते मागून येणाऱ्यासाठी असतात. त्याची कार असेल तर काच तडकण्यावर निभावतं. दुचाकी असेल, आणि हेल्मेटची काच वर केलेली असेल, तर तोच खडा डोळ्यावर बसतो. ज्याच्यासाठी आपण चार पैसे टाकायचे, तो आरशात क्षणभर दिसतो आणि पुढच्या वळणावर दुसरीकडे निघून जातो. म्हणूनच बहुधा यादीतून हे दोन आधी गळतात.

मालट्रकवाल्यांना आपण येता-जाता नावं ठेवतो. पण धाब्यावर गाडी लागली, की जाणता क्लीनर लोखंडी टॉमी घेऊन उतरतो, एकेक टायर ठोकून आवाजावरून हवा जोखतो आणि मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड दिसला तर उचकटून काढतो. तो दगड सुटला असता तर ट्रकला ओरखडाही आला नसता.

आपल्याला टॉमी घेऊन उतरायची गरज नाही. नव्याने खडी पसरलेला रस्ता लागला की वेग कमी करा, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, आणि तसल्या पट्ट्यात ओव्हरटेक करू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला मडफ्लॅप बसवून घ्या. चारही घ्या, पण दोनच घ्यायचे ठरवलं असेल, तर मागचे घ्या.