समोरच्या खुर्चीतली बाई

२००८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात उरुग्वे या दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या देशात एका करारावर सह्या झाल्या. टेबलाच्या एका बाजूला घरकामगार बायकांची युनियन, मध्ये सरकारच्या श्रम खात्याचे अधिकारी आणि तिसऱ्या बाजूला मालक. तिथे धंद्याधंद्यांतलं किमान वेतन अशा त्रिपक्षीय मंडळांत ठरतं. २००६ च्या कायद्याने घरकामही त्या व्यवस्थेत आलं आणि एक साधाच पण अवघड प्रश्न उभा राहिला. कारखानदारांची संघटना असते, दुकानदारांची असते. पण ज्यांच्या घरी बाई कामाला येते, त्यांच्या वतीने बोलणार कोण? उद्योजकांच्या संघटनांनी हात वर केले. शेवटी 'गृहिणींची लीग' त्या खुर्चीत बसली. गृहिणीच्या बिनपगारी राबण्यालाही काम म्हणावं, असा आग्रह धरणारी ही बायकांचीच संघटना. म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार ठरवायला दोन्ही बाजूंनी बायकाच बसल्या. नवऱ्यांची लीग काढावी असं मात्र कुणाला सुचलं नाही.

जगभरच्या स्त्री-संघटनांचा इतिहास लिहिताना आपण मताधिकार, मालमत्ता, गर्भपात, हिंसाचार, समान वेतन असे टप्पे मोजतो. ते खरेच आहेत. या प्रत्येक लढ्यात समोर पुरुष होता, किंवा पुरुषांनी चालवलेलं सरकार होतं. शत्रू ओळखणं सोपं होतं. उरुग्वेतलं ते टेबल या इतिहासात सहजासहजी बसत नाही, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं. समतेच्या चळवळीने बाईला घराबाहेर काढलं, पण घरातलं काम काही संपलं नाही. पुरुषाने त्यातला अर्धा वाटा उचलावा ही मूळ मागणी होती. ती मान्य होण्याची वाट बघण्याइतका वेळ कुणाकडेच नव्हता, म्हणून ते काम पैसे देऊन दुसऱ्या, गरीब बाईकडे सोपवलं गेलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ साली दिलेल्या आकड्यांनुसार जगात साडेसात कोटींहून अधिक माणसं दुसऱ्यांच्या घरी राबतात आणि त्यांतल्या दर चारांतल्या तिघी बायका आहेत. कित्येक सुशिक्षित बायकांची नोकरी, आणि कित्येक स्त्री-मुक्तीच्या सभासुद्धा, यांच्या जिवावर चालल्या आहेत.

ही गोष्ट कुणाच्या लक्षात आलीच नाही असं नाही. लक्षात आली ती बहुतेक वेळा राबणाऱ्यांच्याच. फिनलंडची मीना सिल्लनप्या वयाच्या बाराव्या वर्षी कारखान्यात लागली, पुढे लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिली. एकोणिसावं शतक संपता संपता तिने हेलसिंकीत नोकर-बायकांची संघटना उभी केली. त्या वेळी तिथे १८६५ चा नोकरांविषयीचा कायदा लागू होता आणि नोकर हा मालकाच्या जवळजवळ पालकत्वाखालीच असे. १९०७ साली फिनलंडच्या संसदेत १९ बायका निवडून आल्या. जगातल्या पहिल्या स्त्री खासदार त्या. त्यांत शिकल्यासवरलेल्या घरांतल्या बायका होत्या, तशी सिल्लनप्याही होती. मालकीणबाई आणि मोलकरीण एकाच सभागृहात. तो जुना कायदा रद्द व्हायला तरीही १९२२ साल उजाडलं. चार वर्षांनी ती फिनलंडची पहिली स्त्री मंत्री झाली.

अमेरिकेत उलटंच घडलं. १९३३ पासून तिथे फ्रान्सिस पर्किन्स श्रममंत्री होत्या, अमेरिकी मंत्रिमंडळात बसलेली पहिली स्त्री. त्यांच्याच कारकिर्दीत १९३५ साली कामगारांना संघटना करण्याचा आणि १९३८ साली किमान वेतनाचा हक्क देणारे कायदे झाले. घरकामगार आणि शेतमजूर दोन्ही कायद्यांबाहेर राहिले. दक्षिणेकडच्या राज्यांत ही कामं बहुतांश काळ्या माणसांकडे होती आणि तिथल्या गोऱ्या पुढाऱ्यांना ती स्वस्तच हवी होती. म्हणजे मंत्रिपदावर बाई बसली म्हणून मोलकरणीला न्याय मिळतोच असं नाही. अटलांटाच्या डोरोथी बोल्डन यांनी १९६८ साली घरकामगारांची संघटना काढली, ती शहरातल्या बसमधून. कामाला जाणाऱ्या-येणाऱ्या बायका बसमध्येच भेटत, तिथेच बोलणं होई. सभासद व्हायचं तर मतदार यादीत नाव घातलंच पाहिजे, अशी त्यांची अट होती. संघटना कशी बांधावी हे शिकवणाऱ्या जाडजूड पुस्तकांपेक्षा ही अट मला जास्त शहाणी वाटते. बाईंच्या घरी मागण्यांचा अर्ज घेऊन जाणारी एकटी मोलकरीण नोकरी गमावते. पण मतदार यादीत तिच्यासारख्या हजारोंची नावं असली की नगरसेवकच तिच्या दारात येतो. घरकामगारांना अमेरिकेत किमान वेतन मिळालं ते १९७४ साली, म्हणजे मूळ कायद्यानंतर ३६ वर्षांनी.

दक्षिण आफ्रिकेत मर्टल विटबूई नावाची तरुण मोलकरीण १९६० च्या दशकात केप टाउनमधल्या आपल्या मालकांच्या गॅरेजमध्ये इतर मोलकरणींना जमवू लागली. वर्णभेदाचा काळ, सभा घेणं धोक्याचं. १९८६ मध्ये तिथे देशव्यापी संघटना झाली, १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट गेली, पण कामावर अपघात झाला तर भरपाई देणाऱ्या कायद्यात घरकामगार नव्हतेच. २०१२ साली प्रिटोरियात, बावीस वर्षं एकाच घरी राबलेली, दृष्टी अधू झालेली एक बाई मालकांच्या पोहण्याच्या तलावात बुडून मेली. तिच्या मुलीने भरपाई मागितली तेव्हा कळलं, कायद्याच्या लेखी तिची आई कामगारच नव्हती. संघटनेने आणि वकिलांनी प्रकरण लावून धरलं. नोव्हेंबर २०२० मध्ये घटना न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि निकाल १९९४ पासून मागे लागू केला. ज्या देशाची राज्यघटना जगातल्या अत्यंत पुरोगामी घटनांपैकी एक आहे, तिथे ही फट बुजायला सव्वीस वर्षं गेली.

हे सगळे धागे जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत एकत्र आले. घरकामगारांच्या कामाच्या अटींबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४८ साली आणि पुन्हा १९६५ साली ठराव केले होते. ते कपाटात राहिले. २००६ मध्ये ॲमस्टरडॅमला निरनिराळ्या देशांतल्या घरकामगार संघटना भेटल्या, त्यातून जागतिक जाळं उभं राहिलं, आणि मग जिनिव्हाच्या सभागृहाच्या गॅलरीत प्रत्यक्ष घरकाम करणाऱ्या बायका दिसू लागल्या. १६ जून २०११ रोजी १८९ क्रमांकाचा करार मंजूर झाला: बाजूने ३९६ मतं, विरोधात १६, तटस्थ ६३. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क, सुट्टीच्या दिवशी मालकाच्या घरात थांबण्याची सक्ती नाही. वाचताना वाटतं, यासाठी आंतरराष्ट्रीय करार लागावा? लागला. कामगार गटाच्या वतीने वाटाघाटी केल्या सिंगापूरच्या हलिमा याकोब यांनी. पुढे त्या सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. सिंगापूरचं सरकार मात्र मतदानात तटस्थ राहिलं. ब्रिटनही. करार मंजूर होताच गॅलरीतल्या बायकांनी एक फलक उलगडला. आता सरकारांनी आपलं घरकाम करावं, म्हणजे कराराला मान्यता द्यावी, अशा अर्थाचा. पहिली मान्यता दिली उरुग्वेनेच, २०१२ मध्ये. २०१३ साली त्याच देशाच्या राजधानीत, माँतेविदेओत, आंतरराष्ट्रीय घरकामगार महासंघ स्थापन झाला आणि अध्यक्षपदी गॅरेजमधल्या त्या मर्टल विटबूई आल्या. सभासद आणि पुढारी दोन्ही मुख्यतः बायका असलेल्या जागतिक कामगार संघटनेचं हे विरळं उदाहरण.

भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडे हा विषय जिनिव्हाहून आला असं समजण्याचं कारण नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० सालीच संप केला होता. पगारवाढ आणि हक्काच्या सुट्ट्या या मागण्या, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. तेव्हा किती घरांत भांड्यांचे ढीग लागले असतील आणि ते कुणी घासले असतील याचा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही. बहुधा घरातल्याच बाईने. संघटनांच्या रेट्याने महाराष्ट्रात २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. उरुग्वेचा करारही त्याच वर्षीचा. पण दोहोंत फरक आहे. आपला कायदा नोंदणी आणि मदत देतो. मंडळाने बाळंतपणाला, अंत्यविधीला हातभार लावावा ही अपेक्षा. पगार किती, खाडे किती धरायचे, आठवड्याची सुट्टी पगारी की बिनपगारी, हे तो ठरवत नाही. म्हणजे देणारं सरकार, घेणारी बाई, आणि जिच्या किंवा ज्याच्या घरी काम होतं ते कायद्याच्या चित्रातच नाहीत. कल्याण आणि हक्क यांच्यात नेमकं हेच अंतर आहे. त्यातल्या त्यात एक चांगली गोष्ट घडली. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या विधेयकातून घरकामगार आधी वगळलेल्या होत्या. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर २०१३ च्या कायद्यात त्या आल्या. शिकलेल्या बायकांच्या संघटनांनी आपल्याच घराच्या दारापर्यंत कायदा आणून सोडला असा हा दुर्मीळ प्रसंग.

दारापर्यंत. आत पगाराची गोष्ट निघाली की मात्र भाषा बदलते. ती आमच्या घरचीच आहे, तिच्या मुलीच्या फीला आम्हीच पैसे दिले, दिवाळीला साडी देतो. हे खोटं नसतं. साडी असते, फीही असते, कधीकधी खरी मायाही असते. पण मायेला पावती नसते आणि ती कधी आटेल हे देणाऱ्याच्या हातात असतं. दिवाळीच्या साफसफाईला जास्तीचे तास लागतात, त्याचे पैसे वेगळे आणि बोनस वेगळा, असं कुठल्याही कारखान्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अडचणही खरी आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. ब्राझीलने २०१३ साली घटनादुरुस्ती करून घरकामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीला आणलं. ती दुरुस्ती संसदेत पुढे नेणाऱ्यांत स्वतः एकेकाळी घरकाम केलेल्या बेनेदिता दा सिल्व्हा होत्या. पण २०१५ च्या तिथल्या कायद्याचा पूर्ण लाभ एकाच घरी आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस काम करणारीलाच. मग रोजंदारीवर पाच घरं करणारीचं काय? आपल्याकडची बाई तर रोजच पाच घरं करते, प्रत्येकी तासभर. तिचा मालक कोण? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याच्या दृष्टीने समिती नेमायला केंद्राला सांगितलं, त्या समितीपुढेही हाच गुंता असणार.

मला वाटतं, निदान आपल्या शहरांत उत्तर फाटकावरच उभं आहे. कित्येक सोसायट्या बाईचा फोटो मागतात, पोलीस पडताळणी मागतात, ती किती वाजता आली नि गेली याची नोंद ठेवतात, कुठली लिफ्ट वापरायची तेही ठरवतात. सगळ्या इमारतीचा 'रेट' काय, यावर कुजबुजीतच एकमत होतं. इतकं सगळं एकत्र ठरवता येतं, तर वर्षातून एकदा मोलकरीण संघटनेशी पगार आणि पगारी सुट्ट्याही एकत्र ठरवता येतील. उरुग्वेत ती खुर्ची गृहिणींनी घेतली. इथे ती सोसायटीच्या कमिटीने घ्यावी. कमिटीत चेअरमन आणि सेक्रेटरी बहुतेक वेळा पुरुषच असतात, म्हणजे या टेबलाशी इतकी वर्षं न दिसलेला घरचा कर्ता पुरुषही आपोआप समोर बसेल.