समाजाचे वकीलपत्र

२६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मारले गेलेले नऊ दहशतवादी जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. पाकिस्तान त्यांना आपले म्हणायला तयार नव्हता. बेवारस मुस्लिम प्रेत असले की ते कब्रस्तानाच्या ताब्यात द्यायचे, ही मुंबईतली जुनी वहिवाट. या वेळी मात्र मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने जागा द्यायला साफ नकार दिला. निरपराधांचे जीव घेणारे मुसलमान म्हणवून घेण्याच्या लायकीचे नाहीत, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. मय्यतीला माती देणे हे इस्लाममध्ये अख्ख्या वस्तीवरचे कर्तव्य मानले जाते, हे लक्षात घेतले की या नकाराचे वजन कळते. इतर कब्रस्तानांनीही तीच भूमिका घेतली. डिसेंबरात बकरी ईद आली तेव्हा शहरात अनेकांनी काळ्या फिती लावून नमाज अदा केली. मृतदेह वर्षाहून अधिक काळ शवागारातच राहिले. जानेवारी २०१० मध्ये ते गुपचूप पुरण्यात आले आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी एप्रिलमध्ये विधिमंडळात सांगितले, तेव्हा कुठे लोकांना कळले.

एवढे होऊनही पुढच्या प्रत्येक स्फोटानंतर ‘मुसलमान निषेध का करत नाहीत?’ हा सवाल आलाच. खरे तर फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंदला हजारो उलेमांनी दहशतवादाविरुद्ध ठराव केला होता. त्याच वर्षी ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर तसा फतवा जाहीर झाला. २०१५ मध्ये हजाराहून अधिक भारतीय धर्मगुरूंच्या सह्यांचा ‘इसिस’विरोधी फतवा मुंबईतून संयुक्त राष्ट्रांकडे धाडला गेला. निषेधाची टंचाई कधीच नव्हती. अडचण अशी की हा निषेध कितीही वेळा केला तरी खात्यावर जमा होत नाही. पुढच्या वेळी तो पुन्हा पहिल्यापासून मागितला जातो. आणि त्या मागणीत मुस्लिम संस्थांचे दुसरे, अधिक किचकट आणि अधिक मोलाचे काम झाकले जाते.

त्या कामाचा चेहरा शोधायचा तर शाहिद आझमी यांच्याकडे जावे लागते. १९९२-९३च्या दंगलीत मुंबई होरपळली तेव्हा हा गोवंडी-देवनार भागातला शाळकरी वयाचा मुलगा. पेटून उठून तो सीमेपलीकडच्या प्रशिक्षण छावणीत गेला आणि भ्रमनिरास होऊन परतला. ‘टाडा’खाली अटक झाली, काही वर्षे तिहार तुरुंगात गेली. तिथे त्याने शिक्षण पुरे केले, सुटल्यावर कायद्याची पदवी घेतली आणि दहशतवादाच्या खटल्यांतल्या आरोपींची वकिली सुरू केली. बंदुकीच्या वाटेवरून परत येऊन फौजदारी प्रक्रिया संहितेवर भरवसा ठेवणारा माणूस, हे कट्टरतेवरचे जितके भक्कम उत्तर आहे तितके एखाद्या परिषदेच्या ठरावात सापडणार नाही.

त्यांच्या कामाची रीत दाखवायला एक कागद पुरे. २६/११च्या खटल्यात फहीम अन्सारी याच्यावर मुंबईचे नकाशे काढून हल्लेखोरांना पुरवल्याचा आरोप होता. गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या हल्लेखोर अबू इस्माईलच्या विजारीच्या खिशात असा नकाशा मिळाला, असे पोलिसांचे म्हणणे. विजार रक्ताने भिजलेली आणि नकाशावर मात्र डाग नाही, चुरगळा नाही! बचाव पक्षाने बोट ठेवले ते नेमके इथे. न्यायालयाने ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवले आणि अन्सारीला सोडले; सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये ती सुटका कायम ठेवली. शाहिद आझमी मात्र हा निकाल ऐकायला नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या कार्यालयात, अशील असल्याची बतावणी करून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. तेव्हा त्यांचे वय होते बत्तीस.

अशा वकिलांच्या मागे पैसा आणि यंत्रणा उभी केली ती जमियत उलेमा-ए-हिंदच्या महाराष्ट्र शाखेने. गुलजार आझमी यांनी २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळलेला हा विधी साहाय्य विभाग ज्या खटल्यांत उतरला, त्यांची कहाणी साऱ्या राज्याला ठाऊक असायला हवी. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान आणि पकडलेले नऊ जणही मुसलमानच. तपास एटीएसकडून सीबीआयकडे, तिथून एनआयएकडे गेला. २०११च्या अखेरीस जामीन मिळाला आणि आरोपमुक्ती झाली एप्रिल २०१६ मध्ये. मालेगावच्या या स्फोटांआधी दोन महिने मुंबईत झालेल्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली बारा जण दोषी ठरले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. एक जण निकालाआधीच, २०२१ मध्ये, नागपूरच्या तुरुंगात मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत या निकालाला इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत धाडले नाही.

या कामाला ‘दहशतवाद्यांची पाठराखण’ म्हणणारे पुष्कळ आहेत. खोटा आरोपी आत असतो म्हणजे खरा गुन्हेगार बाहेर असतो, एवढा साधा हिशेब त्यांच्या ध्यानात येत नाही. लोकलमध्ये मेलेल्या पावणेदोनशेहून अधिक माणसांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनंतरही आपली माणसे कोणी मारली हे कळलेले नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. जमियतचे उलेमा फौजदारी कायद्यात संविधानाचा आधार घेतात, आणि घरातल्या बाईचा प्रश्न आला की तोच आधार त्यांना परका वाटू लागतो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सातच जणी, म्हणून तेव्हा टिंगल झाली. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या लेखकाने २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि १९७७ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीतच, तो गेला. मंडळ निघाल्यावर दोन वर्षांनी, डिसेंबर १९७२ मध्ये, मुंबईतच भरलेल्या अधिवेशनातून मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची वाट आखली गेली. सरकारे बदलली, तरी ‘समाजाचे मत’ विचारायला ती बोर्डाकडेच जात राहिली. मंडळाकडे गेली तर प्रामुख्याने बोर्डाला टोचण्यासाठी.

भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २००७ पासून वेगळी वाट धरली. त्यांनी फतव्याला फतव्याने उत्तर दिले नाही, घरोघर प्रश्नावल्या नेल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दहा राज्यांतल्या ४,७१० स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या ९२.१ टक्के स्त्रियांना तोंडी तलाक बंद हवा होता. हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क याच संघटनेच्या नूरजहाँ नियाज आणि झाकिया सोमण यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून मिळवला. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला. २०१९ मध्ये त्यासाठी नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवणारा कायदा आला, तेव्हा मात्र मुस्लिम स्त्री संघटनांमध्येच फूट दिसली. आंदोलनाने त्याचे स्वागत केले, तर बेबाक कलेक्टिव्हने दिवाणी चुकीला तुरुंग कशाला, असे विचारले. ही फूट बातम्यांत फारशी आली नाही. वाहिन्यांच्या चर्चेला एक दाढी आणि एक बुरखा नाकारणारी बाई एवढीच मांडणी सोयीची असते. दोन स्त्रीवाद्यांचा कायद्याच्या कलमावरचा वाद त्यात बसत नाही.

कट्टरता ही केवळ पोलिसांनी रचलेली गोष्ट आहे, असे मानणाऱ्या मुस्लिम कार्यकर्त्यांनाही थोडे ऐकवायला हवे. १९७७ मध्ये अलीगढला निघालेली ‘सिमी’ काही वर्षांतच इतकी भडक झाली की तिचे पितृत्व ज्या जमात-ए-इस्लामीकडे होते, तिनेच हात झटकले आणि १९८२ मध्ये वेगळी विद्यार्थी संघटना काढली. सरकारी बंदी आली ती त्यानंतर एकोणीस वर्षांनी. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि ‘इसिस’ला जाऊन मिळाले. भिवंडी तालुक्यातल्या पडघा-बोरिवलीवर डिसेंबर २०२३ मध्ये एनआयएने छापे घातले आणि आधी शिक्षा भोगून आलेल्या साकिब नाचणने गावाला ‘अल-शाम’ घोषित केल्याचा आरोप ठेवला. खटला चालू असतानाच जून २०२५ मध्ये तो मेला, त्यामुळे त्याच्यापुरता हा आरोप आता न्यायालयात ठरणार नाही. पण ज्याला एकदा शिक्षा झाली आहे अशा माणसाभोवती गावातली तरुण मुले गोळा होत असतील तर पहिला अंदाज शेजाऱ्यांना येतो, आणि शेजाऱ्यांनी बोलावे असे वाटत असेल तर पोलिस ठाण्याची पायरी चढल्यावर आपलाच मुलगा अडकणार नाही, ही खात्री त्यांना हवी. मालेगावच्या नऊ जणांची गोष्ट ऐकलेल्या बापाकडे ती कुठून येणार? म्हणून जमियतच्या वकिलांचे काम आणि कट्टरतेविरुद्धचे काम ही दोन वेगळी खाती नाहीत. ती वेगळी धरल्यामुळेच सुधारक तुरुंगाबद्दल गप्प राहिले आणि उलेमा तलाकबद्दल.

मग या समाजाच्या वतीने बोलायचे कोणी? आमदार-खासदारांनी, हे सरळ उत्तर. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के होते. २०२४च्या विधानसभेत २८८ पैकी दहा आमदार मुस्लिम निवडून आले. त्याच वर्षी लोकसभेच्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर महाविकास आघाडीने मुस्लिम उमेदवार दिला नव्हता. मते मात्र हक्काची धरली होती. निवडून आलेल्यांची जागाच अशी आक्रसली की ती पोकळी मशिदीचे इमाम, पर्सनल लॉ बोर्ड आणि पत्रकार परिषदांत पटाईत माणसे भरून काढतात. सरकारलाही हे सोयीचे पडते. एका शिष्टमंडळाला चहा पाजला की समाजाशी बोलणे झाले!

‘समाज’ म्हणजे तरी कोण? जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने विचारला. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन हे सगळे मुसलमान, पण त्यांचा पहिला प्रश्न धंद्याचा आणि जातीच्या दाखल्याचा आहे, हे त्यांच्या मुस्लिम ओबीसी संघटनेने मांडले. दिलीपकुमार त्यासाठी गावोगाव सभांना गेले. या चळवळीतून मिळालेल्या दाखल्यांवर कितीतरी मुले महाविद्यालयांत गेली आणि कितीतरी माणसे ओबीसी राखीव जागांवरून नगरपालिकांत निवडून आली. टोपी घालून वाहिनीवर बसणाऱ्यांपैकी कुणाच्या हातून एवढे प्रतिनिधित्व घडलेले नाही. याउलट, महमूद-उर-रहमान समितीच्या शिफारशींनंतर जुलै २०१४ मध्ये आलेले पाच टक्के आरक्षण बघा. शिक्षणातला भाग उच्च न्यायालयाने चालू ठेवला होता, पण नव्या सरकारने वटहुकमाचा कायदाच केला नाही. ते आरक्षण गेले तेव्हा रस्त्यावर काय उमटले? फारसे काही नाही. निवडणुकीच्या तोंडावर वरून मिळालेल्या गोष्टीमागे माणसे उभी नव्हती.

यातून एक गोष्ट दिसते. ज्यांना समाजाने खरोखर वकीलपत्र दिले त्यांना ते एकेका कामापुरतेच दिले आहे: खटल्यासाठी जमियतला, तलाकसाठी महिला आंदोलनाला, दाखल्यासाठी ओबीसी संघटनेला. सगळ्यांच्या वतीने सगळ्यावर बोलणारा प्रवक्ता हवा, ही गरज मुसलमानांपेक्षा सरकारची आणि वाहिन्यांची अधिक आहे. मराठ्यांच्या किंवा लिंगायतांच्या वतीने असा एकच माणूस कोणी मागत नाही.

एक मागणी मात्र अशी आहे की सत्यशोधक मंडळाने आणि जमियतने एका कागदावर सही करून ती करायला हरकत नसावी. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यात वर्षे गेलेल्यांना सरकारकडून भरपाई मागण्याचा कायदेशीर हक्क असावा, अशी त्यातली शिफारस होती. फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, पण ती शिफारस त्यांत उतरली नाही. लोकल स्फोटांच्या खटल्यातून सुटलेल्यांना तिचा आधार मिळेल. ३१ जुलै २०२५ रोजी मालेगावच्या २००८च्या स्फोटाच्या खटल्यातून सुटलेल्या प्रज्ञासिंह ठाकूर आणि कर्नल पुरोहित यांनाही त्याच कायद्याखाली दाद मागता येईल. पहिल्या निकालाविरुद्ध राज्य सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाची पायरी चढली ती त्या स्फोटात माणसे गमावलेली मालेगावची कुटुंबे.